पाळणा मध्येच अडकला तेव्हा

हॅलो?… हो आई, मीच. माझ्या घरात दुसरं कोण असणार?

उठले कधीच… हो, एकटीनं… अगं, पाळणा आहे ना छताला टांगलेला! पट्ट्यात बसायचं, बटण दाबायचं. पलंगावरून उचलतो, चाकाच्या खुर्चीत आणून ठेवतो. तुझ्यासारखा “आई गं, कंबर!” म्हणत नाही.

बरं बाई, नाही चिडवत.

चहा?… झाला. किटली आता स्टँडवर बसवलीय, नुसती ढकलली की कपात वाकते… नाही भाजलं. पायात बळ नाही माझ्या, डोक्यात आहे.

आणि काय ठरलंय, आठवतंय ना? आठवडाभर एकटीनं राहून दाखवायचं. नाही जमलं, तर गुपचूप सामान बांधून तुझ्याकडे परत. आज शेवटचा दिवस. जिंकले मी!

काय?… पाळणा मध्येच बंद पडला तर?… अगं, पडला की परवा! लाइट गेले, आणि मी अशी मध्येच लोंबकळत…

मेले. बोलून बसले.

आई, ओरडू नकोस… हो, हो… अगं ऐक ना! बॅटरी चार्ज करायला विसरले, चूक माझीच. पण त्याला लाल दोरी असते. ती ओढली की माणूस हळूहळू खाली येतो… अंधारात सापडेना, म्हणून जरा वेळ लागला. आले ना पलंगावर सुखरूप?… मी कशाला रडेन? उलट हसत सुटले. स्वतःचंच ध्यान डोळ्यांसमोर आलं.

छे! ठरलेलं मोडलं कुठे? कुणाला हाक तरी मारली का मी?… काय?… जरा थांब, खाली कुणीतरी गाडी मागे घेतंय. नुसती टिंवटिंव…

आई, ती टिंवटिंव तुझ्या फोनमधून पण येतेय.

कुठे आहेस तू?… घरी? थापा मारू नकोस. थांब, खिडकीशी येते… ही काय, बाकावर बसलीय! वर बघ. वर!

रोज?… रोज येऊन बसत होतीस? आणि मी इथे एकटी राहते म्हणून तोऱ्यात मिरवतेय! कमाल आहे हं आई तुझी. हे काय एकटं राहणं झालं? मला खरंच राग आलाय…

परवासुद्धा?… लाइट गेले तेव्हा?… लिफ्ट बंद, तरी चार मजले चढून?… त्या गुडघ्यांनी?

दारापर्यंत आलीस? किल्ली कुलपात घातलीस?

मग आत का नाही आलीस?

…

माझ्या हसण्याचा आवाज आला म्हणून?

…किती वेळ उभी होतीस?… लाइट येऊन माझी खुर्ची फिरायला लागेपर्यंत?

नाही गं, राग गेला. कुठल्या कुठे गेला. जन्मभर मला उचललंस तू, आणि त्या दिवशी हात आवरून दाराबाहेर उभी राहिलीस… मला नसतं जमलं, आई. पाळण्यात लोंबकळणं सोपं होतं.

रडू नकोस ना. लोक बघतील… बघू देत, बरं.

चल, वर ये… नाही, किल्ली लावायची नाही. बेल वाजव. दार मी उघडते.

लागेल मला वेळ थोडा… हो. उभी राहा. ठेवते.