कीच्या मागचं शिसं

...हो, शिसंच आहे ते. कंपनीचं नाही, मी बसवलंय. पियानोच्या प्रत्येक कीच्या मागच्या टोकाला एकेक तुकडा — कामावर, पेनरोजला आमच्या वर्कशॉपमध्ये लंच टाइममध्ये कापायचो. का म्हणजे — की जड व्हावी म्हणून. गंधार, तुम्ही ट्यूनर, तुम्हाला मी काय सांगणार, पण मी सगळं वाचून काढलं होतं. लायब्ररीतून पुस्तकं आणायची, वहीत उतरवायची. आधीचे पियानो केवढे हलके होते — लाकडी सांगाडा, बारीक तारा. मग बीथोवनला आवाज मोठा हवा होता, पुढे लिस्ट नावाचा वादक मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवायला लागला, तर त्याच्या हाताखाली तारा तुटायच्या. वाजवणारे मागत गेले, बनवणारे देत गेले — तारा जाड केल्या, तो ताण लाकडाला पेलेना म्हणून लोखंडी फ्रेम आली, हातोड्या जड झाल्या, म्हणून कीही जड. मी त्यातून काय घेतलं? की पियानोला जोर लागतो. आमची जुई तेव्हा दहा वर्षांची होती. घरी जड पियानोवर सराव केला की परीक्षेतला ग्रँड पियानो हलका वाटेल — इंजिनियरचं डोकं. दर दोन महिन्यांनी थोडं शिसं वाढवायचो, ती शाळेत गेली की. तारीख, ग्रॅम, सगळं डायरीत आहे. “बाबा, इट्स गेटिंग हेवियर,” म्हणायची. तेही लिहिलंय. पुढे लिहिलंय — सवय होईल.

तिला? नाही, तिला माहीत नाही. चौदाव्या वर्षी मनगटं गेली. डॉक्टरनं विचारलं होतं, घरचा पियानो कसा आहे — मी म्हटलं, साधाच, सगळ्यांकडे असतो तसा. आता एकोणीसची आहे, दुधाच्या बाटलीचं झाकण माझ्याकडून उघडून घेते. आणि मलाच सॉरी म्हणाली हो. “सॉरी बाबा, माय हँड्स आर जस्ट वीक.” मी काय म्हटलं? म्हटलं, असू दे, होतं असं एखाद्याचं.

लाकडाला पेलेना तेव्हा बनवणाऱ्यांनी पियानो बदलला. हात नाही बदलायला गेले. हे मला — जाऊ दे. विकायच्या आधी ट्यून करून घ्यावा म्हणून तिनंच तुम्हाला फोन केला, मला न विचारता. सांगणार होतो मी तिला, अनेकदा ठरवलं. तुम्ही एवढंच म्हणा, कीड लागलीये, कुणी घेणार नाही. मी ट्रेलरवर घालून टिपला, कचऱ्याच्या डेपोत, टाकून येतो. असं बघू नका. तुम्हाला मुलं आहेत का?

जिन्यात वाजलं काही. ती पियानोची पुढची फळी द्या इकडे. द्या, मी लावतो —

काही नाही गं, जुई. जुना झालाय म्हणतायत. हे निघालेच होते.