मूळ रंगाचा शोध

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे दाजी आणि त्यांचा मेव्हणा रांगेत उभे होते.

"दाजी, शेतावरच्या त्या जुन्या घराला बाहेरून नुसता रंग द्यायचा होता ना?"

"जुन्या वास्तूंचे एक तज्ज्ञ बोलावले. ते म्हणाले, शंभर वर्षांचं घर आहे, आधी मूळ रंग शोधा. मग बसलो खरवडत. हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली निळा."

"आणि निळ्याखाली?"

"तुझी ताई. आत अंघोळ करत होती."

"तरीच तणतणत माहेरी आली. अहो, भोक बुजवा, म्हणजे येईल परत."

"तज्ज्ञ बुजवू देत नाहीत. मुळात तिथे खिडकीच असणार म्हणे. तू हा घण कशाला घेतलास?"

"ताईने मागवलाय. तज्ज्ञांच्या घराचा मूळ रंग बघायचाय तिला."