मोहंतीबाबूंच्या व्हरांड्यातला रविवार

खर्रर्र... खट्!

मंडळी, ओळखलात हा आवाज? जुन्या टीव्हीचं लाकडी शटर सरकवलं की असा आवाज यायचा. पांढऱ्या केसांच्या माणसांनी ओळखला, त्यांचे चेहरेच सांगतायत. तरुणांनो, हा बघा तो टीव्ही, मोहंतीबाबूंच्या हार घातलेल्या फोटोशेजारी. मिनतीवहिनींनी आज मुद्दाम बाहेर आणवला. शटर मात्र बंदच ठेवलंय, आवाज मी तोंडानं काढला.

तुम्ही सगळे भर दुपारच्या उन्हात आलात. कुणी खारघरहून, कुणी तळोज्याची पाळी बदलून. वहिनी म्हणाल्या, नाना, तुम्ही बोला. मी शाळेत कविता चालीवर म्हणणारा मुलगा. आजही कुणी नुसतं 'म्हणा' म्हटलं की हात मागे बांधून उभा राहतो. पण आज कविता नाही, नुसतं बोलायचंय. सांभाळून घ्या.

बाबू ओडिशातून आले ते तळोज्याच्या कारखान्यात नोकरीला. आपल्या या बैठ्या घरांच्या रांगेत पहिला टीव्ही त्यांचा. तेव्हा चॅनेल एकच. आणि रविवारी दुपारी त्यावर देशातल्या कुठल्यातरी भाषेतला सिनेमा लागायचा. कधी मल्याळम, कधी बंगाली, कधी कन्नड. खाली इंग्रजीत बारीक अक्षरं पळायची. ती वाचेपर्यंत नायिका रडून मोकळी झालेली असायची!

मग बाबूंनी एक रीत पाडली. ज्याची भाषा, त्याचा रविवार. शटर त्यानंच उघडायचं आणि टीव्हीशेजारी उभं राहून बाकीच्यांना गोष्ट सांगायची. मल्याळम असला की मरियाम्मा सिस्टर. दवाखान्यात एवढ्या कडक, पण इथे सांगता सांगता पदर डोळ्यांना. "सिस्टर, पुढे काय झालं?" "थांबा हो, मला आधी रडू द्या!" मराठी असला की मी. मी मधेच कविता घुसवायचो. "नाना, आता सिनेमा बघू द्या," हे याच व्हरांड्यात किती वेळा ऐकलंय मी!

आणि हाशाभाऊ. नव्या मंडळींना सांगतो, हाशाभाऊ पलीकडच्या गावातले आगरी. घरचं मिठागर, घरची शेती. आपण आत्ता बसलोय ती जमीनही एकेकाळी त्यांचीच; कारखाना आणि ही घरं उभी राहिली तेव्हा गेली. ते नेहमी उशिरा यायचे आणि पायरीवरूनच विचारायचे, "बाबू, पिच्चर चालू झाला काय?" बाबू आपल्या मोडक्या मराठीत म्हणायचे, "या या हाशाभाऊ, तुमच्यासाठी पिक्चर थांबली आहे." टीव्ही कुणासाठी थांबतो का हो? पण हाशाभाऊ ऐटीत येऊन दाराजवळच्या त्या स्टुलावर बसायचे.

एकदा आसामी सिनेमा लागला. आपल्यात आसामी कोणीच नाही. आम्ही म्हटलं, आसाम पूर्वेला, ओडिशाही पूर्वेला, बाबूंना येत असणारच! ढकललं त्यांना पुढे. बाबूंनी शटर उघडलं, गोष्ट सांगितली. नदीकाठी एक बाई रोज येऊन उभी राहते. तिचा भाऊ दूरच्या शहरात कामाला गेलाय. पत्र नाही, निरोप नाही. अख्खा व्हरांडा रडला, मंडळी.

सिनेमा संपला तसे हाशाभाऊ उठले. "बाबू, तुमी खोटा सांगताव. ती नवऱ्याची वाट बघते, भावाची नाय. तिची नजरच सांगते."

बाबू लाजले. त्यांना आसामीतलं ओ की ठो कळलं नव्हतं! मी म्हटलं, "मग हा भाऊ कुठून आणलात?"

बाबू म्हणाले, "नाना, माझी बहीण असंच उभी राहते. गावाला."

हाशाभाऊ उठले होते ते परत स्टुलावर बसले. म्हणाले, "खोटा हाय, पन चांगला हाय."

मंडळी, शाळेतल्या कवितांनी माझ्याकडून या देशाच्या नद्या पाठ करून घेतल्या. त्या नद्यांकाठची माणसं मला भेटली ती इथे. टीव्हीचा इतिहास लिहिणारे मोठमोठ्या कलाकारांविषयी लिहितील. जरूर लिहू देत. पण पडद्यावरचा तो देश एकमेकांना समजावून सांगणारी माणसं पनवेलच्या या व्हरांड्यात होती. घर सोडून आलेला एक माणूस सगळ्यांना घरात बोलावत होता. आणि मी तिथे होतो. मला अभिमान आहे याचा. आज नाही सांगायचा तर कधी सांगायचा?

पुढे केबल आली. मरियाम्मांना दिवसभर मल्याळम मिळालं, मला दिवसभर मराठी. व्हरांडा रिकामा झाला. तरी हाशाभाऊ यायचे. दोघंच बसायचे.

मग तेही थांबलं. हाशाभाऊंच्या मुलाला कारखान्यात काम मिळालं नाही, आणि त्याच सुमाराला बाबूंच्या गावाकडची दोन पोरं कामाला लागली. बाबूंचा त्यात हात नव्हता. पण ज्याची जमीन गेली त्याला हे कोणी समजवायचं? हाशाभाऊ त्या पायरीखाली उभे राहून ओरडले, "जमीन आमची, न काम तुमच्या गावच्यांना? परत या पायरीवर पाय ठेवनार नाय!"

मी चिडलो. म्हटलं, बाबू, काहीतरी बोला! बाबू म्हणाले, "नाना, त्यांचा राग खोटा नाही. आणि पिक्चर अर्धी टाकून कोणी जात नाही. येतील."

वर्षं गेली. दर रविवारी दुपारी बाबू ते स्टूल पुसून दाराजवळ ठेवायचे. शेवटच्या आजारपणातसुद्धा वहिनींना विचारायचे, "स्टूल ठेवलंस?" आजही ते ठेवलंय. जागा नाही म्हणून इतके जण मागे उभे आहेत, पण वहिनींनी तिथे कोणाला बसू दिलेलं नाही. हाशाभाऊंना आम्ही निरोप धाडला होता. उत्तर आलं नाही. माझी आता आशा संपली, पण वहिनींना कोण सांगणार?

असो. बाबू, तुम्ही माझ्या देशाला चेहरे दिलेत. तुम्हाला या म्हाताऱ्याचा नमस्कार. मंडळी, दोन मिनिटं उभे राहू या. डोळे मिटा. कोणी बोलू नका...

...कोण आहे? पायरीवर कोण उभं आहे? जरा वाट द्या त्यांना, हातात काठी आहे. अहो, हे तर...

काय म्हणालात? मोठ्यानं म्हणा, वहिनींना ऐकू येऊ दे.

पिच्चर चालू झाला काय?

नाही हो. या, वर या हाशाभाऊ. तुमच्यासाठी पिक्चर थांबली आहे.