फोल्केचे पाय आणि आमची फेरी

…नाही, म्हणजे मला सांगा, एका म्हाताऱ्या माणसाचे दोन पाय तळ्यात बुडवायचे, याला किती मीटिंगा लागाव्यात? दोन पाय हो. चार नाहीत, दोनच. तुम्ही म्हणाल एक. बरं, आमच्यासारखी माणसं असतील तर धरा दोन. सात झाल्या! आणि सातव्या मीटिंगमध्ये काय ठरलं, तर आठव्या मीटिंगमध्ये ठरवायचं.

तुम्हाला सांगते, आमच्या वृद्धाश्रमात कामाला आम्ही चौघं. मी माइकेन, आमची प्रमुख इंगालिल, तोर्वाल्ड आणि समीरा. आणि फोल्के, वय एक्याण्णव, खोली नंबर सहा. आयुष्यभर याच तळ्यातून लाकडाचे ओंडके वाहून नेले त्यांनी. मे महिन्यात मी त्यांना मोजे घालत होते, तर म्हणाले, "माइकेन, एकदा त्या जुन्या धक्क्यापाशी, काठावर ने मला. पाय पाण्यात सोडून बसायचंय. पुढचा उन्हाळा मी काही धरून चालत नाही." कसे म्हणाले? उद्या पाऊस आहे म्हणावं, तसे. माझ्या हातातला मोजा हातातच राहिला.

मंगळवारी मी विषय काढला. म्हटलं, उद्या नेते. इंगालिल हसली. ती रागावत नाही हो, तीच तर पंचाईत आहे. अशी मान तिरकी करून म्हणते, "छान कल्पना आहे माइकेन. आधी एक फेरी घेऊया."

फेरी म्हणजे टेबलाभोवती एकेकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. समीरा विणता विणता म्हणाली, "पाय गार पडले की गरम कसे करायचे, ते बघायला हवं." तोर्वाल्ड… तोर्वाल्ड आधी खिडकीबाहेर बघतो. मग कॉफी पितो. मग परत खिडकीबाहेर. आपल्याला वाटतं झोपला की काय, तेवढ्यात म्हणतो, "काठावरची जमीन मऊ आहे." संपलं. आठवड्याचा कोटा संपला. इंगालिल म्हणाली, "त्यांच्या मुलालाही विचारायला हवं. आणि आपण गेलो तर इथे कोण?" आणि मीटिंग संपली.

आणि बशीत एक दालचिनीचा बन उरला! आता शेवटचा तुकडा घेईल तो स्वीडिश कसला? समीराने अर्धा कापून घेतला. इंगालिलने उरलेल्यातला अर्धा. तोर्वाल्डने त्यातला अर्धा. शेवटी वाटाण्याएवढा तुकडा बशीत, आणि चार मोठी माणसं त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करतायत. मला त्या तुकड्यात फोल्के दिसायला लागले हो. सगळ्यांना त्यांची काळजी, आणि उचलायला कोणी नाही.

जूनमध्ये फेरी. जुलैमध्ये सगळे सुट्टीवर, अख्खा देशच सुट्टीवर. ऑगस्टमध्ये "सुट्टीत कोणाला काही नवं सुचलं का" यावर फेरी. चर्चेचं नुसतं गुऱ्हाळ! तिकडे फोल्के रोज सकाळी विचारायचे, "आज?" मी म्हणायची, "लवकरच." सप्टेंबरात त्यांनी विचारणं सोडलं. मला ते सहन होईना. विचारत होते तोवर चीड येत होती, विचारायचे थांबले तेव्हा भीती वाटायला लागली.

मग काय, गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर घातला त्यांना कोट, बसवलं चाकाच्या खुर्चीत आणि निघाले. कोणाला विचारलं? कोणाला नाही. उतारावर तर मी शीळ घालत होते. फोल्के म्हणाले, "मीटिंग झाली वाटतं?" म्हटलं, "झाली. माझी माझ्याशी. एकमताने."

आणि पाण्यापासून चार पावलांवर पुढची दोन्ही चाकं चिखलात. पार आसापर्यंत. मऊ जमीन! तोर्वाल्ड मे महिन्यात बोलला होता. मी ढकललं, ओढलं, माझा एक बूट चिखलाने गिळला. समोर तळं, आणि फोल्के हात मांडीवर ठेवून बघतायत. मला म्हणाले, "पोरी, दिसतंय ना. एवढंही पुष्कळ." हे ऐकलं आणि मला रडू आलं. केला फोन इंगालिलला. म्हटलं, आता ही म्हणणार, आधी एक फेरी घेऊया. ती म्हणाली, "कुठे आहेस? निघालो."

बारा मिनिटांत आली हो तिघं. तोर्वाल्डने गाडीतून फळ्या काढल्या, खुर्चीच्या मापाच्या. म्हटलं, या कधी कापल्यास? म्हणाला, "जूनमध्ये." समीराच्या पिशवीत गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे मोजे. सात मीटिंगा ती काय विणत होती, हे मी एकदाही विचारलं नव्हतं! इंगालिल बदली बाई बसवून आली होती. मुलाचा होकार तिने कधीच घेऊन ठेवला होता. सगळ्यांची सगळी तयारी, फक्त "चला" म्हणायचं राहिलं होतं. आणि मी एकटीच तेवढं म्हणून आले होते, बाकी काही न घेता.

चौघांनी चार बाजू धरल्या. तोर्वाल्ड म्हणाला, "आता." चाकं सुटली, फळ्यांवरून खुर्ची पाण्यापर्यंत गेली, आणि फोल्केंचे पांढरे पाय पाण्यात उतरले. ते पायांची बोटं हलवत बसले, बराच वेळ. आणि आमच्यात पहिल्यांदाच कोणाचंही मत नव्हतं.

मग मोजे चढवले आणि इंगालिलने डबा उघडला. बन खाल्ले, आणि डब्यात एक उरला. आम्ही चौघं लगेच तळ्याकडे बघायला लागलो. फोल्केंनी हात घातला, अख्खा बन उचलला आणि खाल्ला. कोणालाही न विचारता! आणि आमच्याकडे असे बघत होते, जसं काही गेली नव्वद वर्षं आम्हीच वेडे आहोत.

मंगळवारी मला कोणी बोल लावला नाही. त्यापेक्षा वाईट. इंगालिल म्हणाली, "गुरुवारबद्दल कोणाला काय वाटलं, एक फेरी घेऊया." माझी पाळी आली. म्हटलं, मी तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि तुम्ही मला आधी "चला" म्हणायला हवं होतं. तोर्वाल्डने खिडकीबाहेर बघितलं, कॉफी प्यायली आणि म्हणाला, "खरंय."

मीटिंग संपली. बशीत एक बन. मनात म्हटलं, माइकेन, फोल्केंना आठव. हात पुढे केला. सगळे बघत होते.

सुरी उचलली आणि अर्धा घेतला.