दादांनी रोखलेला श्वास

वहीत नोंद आहे बघा: मंगळवार, ढगाळ, वारा नाही. दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, मानेतली रक्तवाहिनी तुंबली होती. डोक्याचं ऑपरेशन करायचं का, ते दोन तपासण्यांवर ठरणार होतं: त्यांत मेंदूचा रक्तप्रवाह वाढला तर ऑपरेशन नको, नाही वाढला तर करायचं. इंजेक्शन देऊन केलेल्या स्कॅनमध्ये मेंदूचा रक्तप्रवाह वाढलेला दिसला. तीस सेकंद श्वास रोखायला सांगून केलेल्या सोनोग्राफीत तो वाढलाच नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी माझ्यासमोर पुन्हा केली. दादांचे गाल फुगलेले, तोंड घट्ट मिटलेलं.

मी म्हणालो, "दादा, नाक चालू हाय तुमचं."

"मंग काय करू? तीस सेकंद दम न्हाई निघत. नापास झालो असतो ना!"

डॉक्टर म्हणाले, "काका, असे पास झालात तर डोकं उघडावं लागेल."

तिसऱ्या वेळी दादांनी नाकही बंद ठेवून बावीसच सेकंद श्वास रोखला, पण तेवढा पुरला. रक्तप्रवाह वाढला. ऑपरेशन रद्द झालं.