आर. एम. कॉम्प्युटरसमोर भिंग घेऊन बसल्याबाबत

मी, लुझविमिंदा दिमाआनो, वय ५२ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी सव्वीस वर्षे कारखान्यात सर्किट बोर्ड तपासनीस, राहणार बाजाररस्त्यामागील तिसरी गल्ली, रोझारियो, प्रांत कवीते. आज रोजी, माझ्याविरुद्ध आलेल्या अर्जावरून बोलावणे आल्याने, पोलीस ठाण्यात स्वतः हजर झाले असून सार्जंट इलागान यांनी विचारले तसे सांगते, ते येणेप्रमाणे.

वरील पत्त्यावर मी व माझी मुलगी जोव्हेलिन, वय २३, अशा दोघीच राहतो. माझे पती हयात नाहीत. कारखान्यात भिंगाखाली बोर्ड धरून त्यावरचे सोल्डरिंग नीट बसले आहे की नाही हे पाहणे माझे काम होते. एका पाळीत आठ-नऊशे बोर्ड नजरेखालून जात. मागील वर्षी डावा डोळा सारखा पाणी गाळू लागला म्हणून मी काम सोडले व मला एकरकमी पैसे मिळाले.

अर्जदार रुफिनो मालाबानान ऊर्फ बोयेत, वय ४३, आर. एम. कॉम्प्युटर या दुकानाचा मालक, यास मी चोवीस वर्षांपासून ओळखते. तो एकोणीस वर्षांचा असताना आमच्या लाइनवर लागला. त्याला हातात सोल्डरिंगची कांडी धरायला मी शिकवले. चार वर्षे तो माझ्या डब्यातले जेवला. मला तो अते, म्हणजे ताई, म्हणतो. जोव्हेलिनच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये तिला हातावर घेऊन उभा राहिलेला तिचा धर्मपिता, म्हणजे निनोंग, तो हाच. दर नाताळला ती त्याच्या पाया पडते.

जोव्हेलिन चित्रे काढते. चित्रे हलवायची कला ती दोन वर्षे शिकली. मनिलातील एका स्टुडिओने तिला कळवले की दहा दिवसांत एक नमुना करून द्या, पसंत पडला तर वर्षभराचे काम घरी बसून मिळेल. त्यासाठी चांगला कॉम्प्युटर लागणार होता. तयार घेणे परवडणारे नव्हते, म्हणून सुटे भाग घेऊन घरीच जोडायचे ठरले. माझ्या रकमेतून चाळीस हजार पेसो बाजूला काढले. त्याच्या वर एक पेसो जाणार नाही असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते.

भाग निवडायला मला तीन आठवडे लागले. सात दुकाने पाहिली, दोनदा बसने मनिलाला गेले. प्रोसेसर मुद्दाम एक पिढी जुना घेतला, कारण नव्याला लागणारा बोर्डही महाग पडत होता. मदरबोर्ड पाच पाहिले. दुकानदार पुढची नक्षी दाखवत होते, मी उलटा करून मागचे सोल्डरिंग पाहिले आणि सर्वांत स्वस्तापेक्षा एक वरचा घेतला. मेमरीची एक मोठी पट्टी न घेता दोन लहान घेतल्या, जोडीने चालतात तेव्हा त्या भरभर चालतात. कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा शेजारच्या बंद पडलेल्या पिसोनेटमधून आणला, म्हणजे जिथे नाणे टाकून पोरे खेळायची तिथून. एका बाजूला पोचा होता, पण पत्रा खणखणीत होता. जोव्हेलिन म्हणाली, "आई, तू लग्नाला मुलगा बघतेयस की कॉम्प्युटर घेतेयस?" मी म्हटले, मुलगा बघताना एवढं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

राहिले ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करायची नाही हे मला पक्के ठाऊक होते. दुसरा भाग मेला तर एकटा मरतो. पॉवर सप्लाय मेला तर घरच्यांना घेऊन मरतो.

दि. ३१ मे रोजी बाजारात अर्जदार भेटला. तो म्हणाला, "अते लुझ, सगळा प्रांत पालथा घातलास आणि माझ्या दारात नाही आलीस? मी मेलो का काय?"

मी म्हटले, "बजेट कमी आहे रे."

"माझ्या धर्माच्या मुलीला मी बजेट विचारू? बाकी तू निवड. हे दोन भाग निनोंगकडून, खरेदीच्या भावात."

त्याच दिवशी मी त्याच्या दुकानात गेले. इतर सातही दुकानांत गल्ल्यावर खोका फोडून, भाग लावून, चालवून दाखवतात आणि बिलावर नंबर लिहितात. मी तसे करवून घेतल्याशिवाय एक केबलसुद्धा घेतली नव्हती. इथे अर्जदाराच्या बायकोने, मेल्बाने, आतून गुळाचा चिकट भात आणि कॉफी आणली. खोके सीलबंद होते. माझे बोट सीलवर गेले होते, ते मी मागे घेतले. मुलीच्या निनोंगच्या दुकानात त्याच्यादेखत खोका फोडून बघणे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणे. मी बिलही मागितले नाही. सव्वीस वर्षांत एकही बोर्ड न पाहता पुढे ढकलला नव्हता. हा ढकलला.

दि. २ जून रोजी आम्ही दोघींनी कॉम्प्युटर जोडला. पहिल्याच खेपेला चालू झाला. जोव्हेलिनने मला मिठी मारली. दि. ९ पासून तिने नमुन्याचे काम सुरू केले. भात विकणारी एक म्हातारी आणि तिच्या टोपलीवर येऊन बसणारी चिमणी, असे ते चित्र होते. तिसऱ्या दिवसापर्यंतचे काम तिने पेन ड्राइव्हवर उतरवले होते. पुढचे डिस्कवरच होते.

दि. १५ जून रोजी सकाळी अकराच्या सुमारास वास आला. मला वाटले माझे सुके मासे करपले. तव्याखालची आच बंद केली तरी वास येत होता. नंतर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. मी आत गेले तेव्हा कॉम्प्युटरचा पडदा काळा होता आणि जोव्हेलिनने भिंतीवरचे बटण आधीच बंद केले होते. ती रडली नाही. उठून तिने खिडकी उघडली.

पॉवर सप्लायने मदरबोर्ड, कार्ड आणि डिस्क, तिन्ही सोबत नेले. स्टुडिओला फोन केला. ते म्हणाले, तारीख म्हणजे तारीख.

त्याच दुपारी मी पॉवर सप्लायचे चार स्क्रू काढले. आत निम्मी जागा रिकामी होती. वजन भरावे म्हणून तळाशी सिमेंटचा मुठीएवढा गोळा चिकटवला होता. त्याच्या शेजारी एक तुटलेली वायर नव्याने जोडलेली होती. बोयेत डावखुरा आहे. त्याच्या सोल्डरिंगला उजव्या अंगाला बारीक शेपूट सुटते. चार वर्षे मी त्याला त्यावरून बोलले, ती सुटली नाही. त्या वायरीवर तेच शेपूट होते. म्हणजे त्याने डबी उघडली, सिमेंट पाहिले, वायर जोडली, डबी बंद केली, नव्या खोक्यात घालून सील लावले आणि माझ्या मुलीला दिली. कार्डही तपासले. ते कुठेतरी दोन वर्षे दिवसरात्र राबवून, धुऊन, वर नवा पंखा बसवलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. तो म्हणाला, "अते, मला काय ठाऊक? वरून माल जसा येतो तसा मी देतो. मी कुठे उघडून बघतो?" मी त्याला शेपटाबद्दल त्या दिवशी सांगितले नाही. मला त्याच्या तोंडून ऐकायचे होते. मी वस्तीच्या कप्तानाकडे, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुखाकडे, तक्रार दिली. कप्तानाने समेटासाठी तीन तारखा दिल्या. मी तिन्ही तारखांना बसून राहिले. अर्जदार एकदाही आला नाही.

दि. १ जुलैपासून जोव्हेलिन कारखान्यात लागली आहे. लाइन तीन, बोर्ड तपासणी, पाच महिन्यांचा करार. जागा माझीच आहे. खुर्ची तीच असून उंची थोडी वाढवावी लागली असे ती म्हणाली. ती त्या खुर्चीत कधी बसू नये, एवढ्यासाठीच ते चाळीस हजार होते. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

दि. ५ ऑगस्टपासून मी अर्जदाराच्या दुकानासमोर बसते. रस्ता अडवते हे खोटे आहे. शेजारच्या पावाच्या भट्टीच्या पायरीवर, मालकीण अते पासिंग यांच्या परवानगीने बसते. सोबत एक टेबल, दिवा, भिंग, स्क्रू ड्रायव्हर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा असतो. टेबलावर सिमेंटचा गोळा ठेवलेला असतो. मी हाका मारत नाही, पैसे घेत नाही, दुकानाचे नावही घेत नाही.

पहिला आला तो तीनचाकी चालवणारा नेस्तोर. हातात कार्डाचा खोका होता.

"अते, काय विकता?"

"काही नाही. बघते."

"काय बघता?"

"जे दाखवाल ते."

त्याने खोका दिला. स्क्रूंची डोकी घासलेली होती. चिपच्या कडेने बोर्ड तपकिरी पडला होता. मी सांगितले, "खोका नवा आहे. आतला म्हातारा आहे." नेस्तोर दुकानात परत गेला. आत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, पण भट्टीवरचे सगळे पाव घ्यायचे थांबले होते. तो पैसे परत घेऊन बाहेर आला आणि गोळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे काय?" मी म्हटले, "मुलीला निनोंगने दिलेला आहेर."

आजपर्यंत मी एकशे सतरा नग पाहिले. पैकी एकोणसत्तर चांगले होते, ते चांगले आहेत असेच मी सांगितले. चांगल्याला वाईट म्हटले असे दाखवून दिल्यास मी टेबल उचलीन. माझ्यामुळे दुकान बुडाले असे अर्जात आहे. याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. हे लिहायला नको असे साहेब म्हणाले, तरी माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे.

चौथ्या दिवशी अर्जदार पायरीशी आला. म्हणाला, "अते, लोक बघतायत."

"बघू दे. बघायला शिकतायत."

"मी सगळं बदलून देतो. बोर्ड, कार्ड, डिस्क. वर नवा कीबोर्ड."

"आणि तिचे ते दहा दिवस? ते कुठल्या खोक्यात येतात?"

"मला खरंच ठाऊक नव्हतं गं."

तेव्हा मी पिशवीतून ती वायर काढून भिंगाखाली धरली आणि त्याला बघायला सांगितले. तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग दुकानात गेला.

मागच्या रविवारी मेल्बा माझ्या घरी पानसित, म्हणजे परतलेल्या शेवया, घेऊन आली आणि रडली. दुकानाचे शटर आता अर्धेच वर असते, दोन पोरांची फी राहिली आहे, असे म्हणाली. मला तिची दया आली. शेवयांचा डबा मी तसाच तिच्या हातात परत दिला. जोव्हेलिन म्हणाली, "आई, पुरे आता. निनोंगला मी माफ केलंय." मी तिला म्हटले, "तू कर. तुझा तो निनोंग आहे. ज्याने माझ्या घरी जेवून केसाने गळा कापला, तो माझा कोण?" त्यानंतर आम्ही दोघी यावर बोललेलो नाही.

आज ठाण्यात सार्जंट इलागान यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवले. अर्जदार पूर्ण किंमत द्यायला तयार झाला. मी सांगितले की पैसे नकोत. सव्वादोन वाजता पहिली पाळी सुटते, तेव्हा त्याने कारखान्याच्या फाटकावर यावे आणि बाहेर पडणाऱ्या बायकांसमोर जोव्हेलिनला सांगावे, "डबीत सिमेंट होते आणि ते मी पाहिले होते." एवढे केल्यास त्याच दिवशी टेबल उचलते. अर्जदार म्हणाला, "अते, तेवढं सोडून काहीही." मी म्हटले, मला तेवढेच हवे आहे. साहेबांनी त्याला दोनदा विचारले. त्याने दोनदा नकारार्थी मान हलवली. सबब मी उद्या सकाळी पायरीवर बसणार आहे. त्यात गुन्हा होत असल्यास तसे कलम मला दाखवावे.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे टाइप करून मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. शेवटी, मी हे सर्व "गैरसमजातून" केले असे वाक्य होते, ते मी सांगितलेले नव्हते. विचारले असता, तुमच्या भल्यासाठी घातले आहे, पुढे केस हलकी होईल, असे साहेबांनी सांगितले. त्यांचे आभार. तो शब्द माझ्यासमोर खोडून त्या जागी "सूड म्हणून" असे हाताने लिहिले असून बाजूला माझी सही आहे. आता जबाब बरोबर आहे.