बाभळीखालची बाटली

नाही पोरी, तो नको, एक नंबर मोठा घे — टूसॉनच्या या वाळवंटी उन्हात पाय असे फुगतात की बूट उतरवायला शेजारी बोलवावा लागेल. चालून बघ जरा. कुठं पळायचं म्हणालीस? कुठं म्हणजे काय, रियीतोच्या काठानं पळ! नदी आहे, पाणी नाही, पण नळ आहेत, कुत्री फिरवणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, पडलीस तर उचलतील तरी. नाहीतर तुमामोकची टेकडी — चढ छाती फोडतो, पण अर्धं गाव तिथंच असतं. पहाटे पाचला नीघ, सातला घरी. झालं. — काय? ओढ्याची वाट? कुणी सांगितलं तुला? हो, सुंदर आहे, नाही कुठं म्हणतोय मी. पण माणूस दिसायचा नाही तिथं. जाऊ नकोस.

पाणी पाठीवर घेतेस ना? — लपवून ठेवतेस? अरे वा, चार दिवसांत तेही शिकलीस! सगळेच करतात म्हणा. आदल्या दिवशी जायचं, सातव्या मैलावर वेड्या बाभळीखाली बाटली पुरायची, वर दगड ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातानं पळायचं. आन्सेल्मोही तेच करायचा. माझ्या बहिणीचा नवरा. वीस वर्षं बरोबर पळलो आम्ही. तू बसलीस ना, त्याच स्टुलावर बसून मला छळायचा — "कूको, तू पळतोस का चालतोस, एकदाचं ठरव बाबा!"

आणि मी काय करायचो? दर शनिवारी ओढा साफ करायचो. पोतं घ्यायचं, प्लास्टिक वेचायचं — पेपरात फोटो आला होता माझा, तो बघ, गल्ल्यामागं. गेल्या जूनमध्ये असाच गेलो, वारा सुटला होता, बाभळीखाली दगड घसरलेला आणि एक मळकी बाटली उघडी पडलेली. म्हटलं, टाकली कुणीतरी. पाणी बाभळीला घातलं, बाटली पोत्यात. टाकणाऱ्याला दोन शिव्याही हासडल्या — मोठ्यानं! झाकण निळं होतं. निळं झाकण त्याचंच असायचं, मला ठाऊक होतं की गं, पण त्या क्षणी नाही आलं डोक्यात, देवाशपथ नाही आलं.

रविवारी पळायला गेला तो. सोमवारी सापडला, त्याच बाभळीखाली. भोवती खड्डे होते — एक नाही, सहा. हातानं उकरलेले. त्याला वाटलं, आपलीच जागा चुकली.

एउलालिया, माझी बहीण, वर्षभर हेच म्हणतेय, म्हातारा विसरला, कुठं पुरली तेच विसरला. मी मान हलवतो. रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं, आणि रोज दुकान उघडतो. लाज वाटते मला. आणि आता सांगून तो थोडाच परत येणारेय? आज तिथं त्याच्या नावाचं बाकडं बसवतायत, चार शब्द मी बोलायचे म्हणे, ओढा मी साफ ठेवतो म्हणून. तुला का सांगतोय मी हे? नावसुद्धा माहीत नाही तुझं.

— आलीस, एउलालिया? बस ना, आवरतोच. ही टोपी कशाला आणलीस, माझी आहे की. — ही? गिऱ्हाईक गं, नवीन आहे गावात. — काही नाही, बुटांचंच बोलत होतो. जा पोरी, घालूनच जा ते, आणि नदीकाठीच पळ. जा म्हटलं ना!